वजन बसलं, तोल बसला नाही: ७० आसनी सिम्युलेटर जेटमधल्या एका लोडिंगचं प्रकरण

विमान सिम्युलेटरमधलं, घाटणी सीआरजे-७०० ची: शेपटीजवळ दोन इंजिनं, वर टी आकाराची शेपूट, एका रांगेत चार आसनं, एकूण ७० प्रवासी. उड्डाण साधं, तासाभराचं. ४० प्रवासी, ८०० किलो सामान, ३,५०० किलो इंधन. सिमच्या टॅबलेटवर एकूण वजन २७,९०० किलो दिसत होतं आणि या मॉडेलची टेक-ऑफची मर्यादा ३३,००० किलो, म्हणजे पाच टनांहून जास्त वाव. चालवणाऱ्याने ते पान बंद केलं, ट्रिम (नाक किती वर धरायचं याची आधीच लावून ठेवायची सेटिंग) सवयीप्रमाणे ६.५ युनिटवर ठेवला आणि थ्रॉटल पुढे ढकलले.

१३० नॉट्सला त्याने स्टिक मागे घेतली. नाक जागचं हललं नाही. आणखी ओढली. १४५ च्या आसपास, स्टिक पार मागच्या टोकाला टेकलेली असताना, नाक कसंबसं उठलं. तोवर धावपट्टीचा बराच भाग चाकांखालून निघून गेला होता. उतरताना तोच अनुभव उलट बाजूने आला: फ्लेअरसाठी, म्हणजे चाकं टेकण्याआधी नाक उचलायला, स्टिक ओढली, नाक अर्धवट उठलं आणि चाकं आपटली.

त्याने आधी जॉयस्टिकवर संशय घेतला, पुन्हा कॅलिब्रेट केली, डेड झोन (स्टिक हलूनही काही घडत नाही तो मधला पट्टा) कमी केला. मग विमानाच्या फ्लाइट मॉडेलला बोल लावला. सिमवाल्यांमध्ये हा क्रम जवळजवळ ठरलेला आहे: आधी हार्डवेअर, मग विमान बनवणारा, आणि सगळ्यात शेवटी स्वतः भरलेला पेलोड, म्हणजे प्रवासी आणि सामान. खरं तर लक्षणंच पेलोडकडे बोट दाखवत होती. जॉयस्टिक बिघडली असती तर हवेतही पिच (नाकाची वर-खाली हालचाल) मंद वाटला असता. इथे क्रूझमध्ये विमान अगदी शहाण्यासारखं उडत होतं, फक्त ट्रिम नेहमीपेक्षा जास्त नाक-वर लागत होता. कमी वेगात, म्हणजे रोटेशन (टेक-ऑफला नाक उचलणं) आणि फ्लेअरला, एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) अपुरा पडतोय आणि वेग असताना पुरतोय, हे पुढे सरकलेल्या गुरुत्वमध्याचं (सीजीचं) जुनं लक्षण आहे.

फाइलीत काय होतं

सिम्युलेटरला ‘४० प्रवासी’ वगैरे काही कळत नाही. त्याला ठरावीक बिंदूंवर ठेवलेली वजनं कळतात. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमानाच्या सेटिंग फाइलीत प्रत्येक स्टेशनसाठी वजन आणि तीन अंतरं असतात. लांबीच्या दिशेचं अंतर फुटांत असतं आणि नाकाकडे धन मोजतात. विमानतळावरच्या लोडशीटची (वजन आणि तोलाच्या तक्त्याची) सवय असलेला माणूस हे चिन्ह हमखास उलटं वाचतो, कारण तिथे बहुधा नाकापुढचा एक काल्पनिक बिंदू शून्य धरून मागच्या बाजूला मोजत जातात. खालचा हिशोब त्याच पद्धतीने, मीटर आणि किलोमध्ये मांडला आहे; मोमेंट म्हणजे वजन गुणिले अंतर, हॉल्ड म्हणजे सामानाचा कप्पा. आकडे या एका मॉडेलचे आणि सोयीसाठी गोळाबेरीज केलेले आहेत, कुठल्या खऱ्या विमानाच्या मॅन्युअलमधले नाहीत.

| ठिकाण | अंतर (मी.) | वजन (किलो) | मोमेंट (किलो-मी.) |
|---|---|---|---|
| रिकामं विमान, क्रूसह | १८.७ | २०,००० | ३,७४,००० |
| केबिन, पुढचा भाग (२४ प्रवासी) | १०.० | २,१६० | २१,६०० |
| केबिन, मधला भाग (१६ प्रवासी) | १४.६ | १,४४० | २१,०२४ |
| केबिन, मागचा भाग (कुणी नाही) | १९.० | ० | ० |
| पुढचा हॉल्ड | ११.० | ३०० | ३,३०० |
| मागचा हॉल्ड | २४.० | ५०० | १२,००० |
| इंधन | १८.४ | ३,५०० | ६४,४०० |
| एकूण | | २७,९०० | ४,९६,३२४ |

मोमेंटच्या बेरजेला वजनाने भागलं की गुरुत्वमध्य १७.७९ मीटरवर येतो. पंखाची सरासरी कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी), म्हणजे एमएसी, इथे ३.४ मीटर आहे आणि ती १७.६ मीटरपासून सुरू होते. म्हणजे सीजी ५.६ टक्के एमएसीवर. मॉडेलची पुढची मर्यादा १० टक्के, मागची ३३. सीजी मर्यादेच्या १५ सेंटीमीटर पुढे होता, आणि वजनाच्या पानावर सगळं हिरवं होतं, कारण ते पान फक्त बेरीज तपासत होतं.

हे झालं कसं? लोडरने, म्हणजे वजनं भरणाऱ्या प्रोग्रॅमने, ‘प्रवासी ४०’ हा आकडा घेतला आणि पहिल्या रांगेपासून आसनं भरत नेली. २४ पुढे, १६ मध्ये, मागे शून्य. पंखाखाली इंजिनं असलेल्या विमानात याने इतकं बिघडलं नसतं. शेपटीला इंजिनं असलेल्या विमानाची गोष्ट वेगळी. रिकामं असताना ते मुळातच मागे जड असतं. या मॉडेलचा रिकामा सीजी ३२ टक्क्यांच्या वर, म्हणजे मागच्या मर्यादेला जवळजवळ टेकलेला. केबिनचा बहुतेक भाग पंखाच्या पुढे येतो, त्यामुळे प्रवासी चढतील तसा तोल नाकाकडे सरकतो आणि मागच्या हॉल्डमधलं सामान तो परत ओढून आणतं. प्रवासी आणि सामान यांच्यातली ही ओढाताण अशा विमानाच्या रचनेतच धरलेली असते. लोडरने एका बाजूला प्रवासी पुढे कोंबले आणि दुसऱ्या बाजूला ३०० किलो सामानही पुढच्या हॉल्डमध्ये टाकलं.

रोटेशनच्या क्षणी विमान मुख्य चाकांवर फिरतं, आणि ती १९.३ मीटरवर आहेत. सीजी १७.७९ वर असताना चाकांपासून दीड मीटर पुढे पडतो, म्हणजे शेपटीला सुमारे ४२,००० किलो-मीटरचा मोमेंट उचलायचा असतो. हाच सीजी १८.१६ वर (जिथे तो पुढे तिसऱ्या उड्डाणात आला) असता तर तो ३२,००० च्या आत राहिला असता. वजन किलोभरही न बदलता शेपटीचं काम जवळजवळ एक तृतीयांशाने वाढलं. एलेव्हेटरची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून नाक ‘उशिरा’ उठलं. शेपटीला हवा तेवढा वेग मिळेपर्यंत ते उठणारच नव्हतं.

दुसरा प्रयत्न: दुसऱ्या टोकाला

नाक जड आहे एवढं लक्षात आल्यावर त्याने दोन गोष्टी एकदम केल्या. प्रवासी मागून भरले, २२ मागे आणि १८ मध्ये, सगळं सामान मागच्या हॉल्डमध्ये टाकलं. शिवाय मागच्या वेळी ट्रिम कमी पडला होता म्हणून तो ६.५ वरून ८.५ वर नेला.

या वेळी १०० नॉट्सच्या आधीच पुढचं चाक हलकं झालं आणि विमान धावपट्टीवर भटकू लागलं. ११५ ला स्टिकला हातही न लावता नाक उठलं. त्याने घाईघाईने स्टिक पुढे ढकलली, नाक खाली आलं, पुन्हा उठलं आणि शेपूट घासली. उलार झालेल्या बैलगाडीसारखी गत.

त्याचा निष्कर्ष होता: आता सीजी मागच्या मर्यादेबाहेर गेला. हिशोब केला तर तसं नाही. नवी मांडणी १८.६० मीटरवर, म्हणजे २९.३ टक्क्यांवर येते. मागच्या मर्यादेपासून साडेतीन टक्क्यांहून जास्त आत. मांडणी कायदेशीर होती. चुकला होता तो ट्रिम.

या प्रकरणातला सगळ्यात कामाचा भाग मला हाच वाटतो, कारण बरेच जण ट्रिमला सोयीची गोष्ट समजतात, हाताला आराम देणारी. जेटमध्ये टेक-ऑफचा ट्रिम हा लोडिंगचाच दुसरा अर्धा भाग आहे. अशा विमानात ट्रिम म्हणजे अख्खा आडवा स्टॅबिलायझर फिरतो, एलेव्हेटरवरची छोटी पट्टी नव्हे. त्याची ताकद मोठी असते. या मॉडेलच्या तक्त्यात १६ टक्क्यांसाठी साधारण ६.५ युनिट आहेत, २९ टक्क्यांसाठी साधारण ४.५. त्याने ८.५ ठेवले होते. म्हणजे मागे असलेल्या सीजीला त्याने पुढच्या सीजीचा ट्रिम दिला. ५.६ टक्क्यांसाठी तक्त्यात आकडाच नाही, कारण तिथे उडायचंच नसतं. पहिल्या वेळी ट्रिम वाढवून प्रश्न सुटला असता, ही समजूतही त्याच एका ओळीने निकालात निघते.

विमान टेक-ऑफसाठी नीट लावलेलं नसेल तर वाजणारी कॉन्फिगरेशनची सूचना दोन्ही वेळा गप्प राहिली. ट्रिमच्या पट्टीवरचा हिरवा भाग रुंद असतो. ६.५ आणि ८.५ दोन्ही त्यात बसतात. ट्रिम त्या पट्ट्यात आहे का, एवढंच ती यंत्रणा पाहते. आजच्या लोडला तो शोभतो का, हे तिला माहीत नसतं.

खऱ्या जगात याच जोडीने माणसं मारली आहेत. ७ ऑगस्ट १९९७ रोजी मायामीहून निघालेलं फाइन एअरचं मालवाहू डीसी-८ रोटेशनला नाक वर करत गेलं, स्टॉल झालं (पंखांची उचल तुटली) आणि विमानतळाबाहेर कोसळलं. विमानातले चार आणि जमिनीवरचा एक, असे पाच जण गेले. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघात तपासणाऱ्या संस्थेने, काढलेलं कारण दुहेरी होतं: माल असा भरला गेला की सीजी अपेक्षेपेक्षा मागे गेला, आणि त्यामुळे क्रूने लावलेला ट्रिम त्या विमानासाठी चुकीचा ठरला. क्रूने कागदावरच्या विमानाचा ट्रिम लावला होता, धावपट्टीवर विमान वेगळंच उभं होतं. आपल्या प्रकरणात कागदही नव्हता, नुसती सवय होती.

मग काय हलवायचं

इथून पुढे मोह होतो तो सगळं उचकटून नव्याने भरण्याचा. गरज नसते. सीजी किती सरकेल याचा हिशोब एका ओळीचा आहे: हलवलेलं वजन गुणिले हलवलेलं अंतर, भागिले एकूण वजन. आधी सगळ्यात लांब हलू शकणारी वस्तू बघायची, कारण तिथे कमी किलोंत काम होतं. या विमानात पुढच्या हॉल्डपासून मागचा हॉल्ड १३ मीटर लांब आहे.

पहिल्या मांडणीतले ३०० किलो पुढच्या हॉल्डमधून मागे नेले तर ३०० गुणिले १३ भागिले २७,९००, म्हणजे १४ सेंटीमीटर, म्हणजे ४.१ टक्के. सीजी ९.७ वर. मर्यादा १०. इतक्या जवळ आलं की हात थांबतो, ‘चालून जाईल’ असं वाटतं. पण टेक-ऑफचा आकडा हा त्या उड्डाणातला सगळ्यात चांगला आकडा आहे. इंधनाचं अंतर १८.४ मीटर, या सीजीच्या मागे. इंधन जळेल तसा मागचा भाग हलका होत जाणार आणि सीजी पुढे सरकत जाणार. टाकीत १,२०० किलो उरलेले असताना उतरायचं म्हटलं तर सीजी ८.४ टक्क्यांवर येतो. इंधन शून्य धरलं तर ७.७. नाक उठवायला वेग कमी पडेल तो नेमका फ्लेअरच्या वेळी. पहिल्या उड्डाणात चाकं का आपटली त्याचं उत्तर इथेच आहे: तिथे सीजी निघतानाच ५.६ होता, उतरताना त्याहून पुढे गेला.

म्हणून हिशोब तीन ठिकाणी करायचा: इंधनाविना, टेक-ऑफला, उतरताना. सिमच्या टॅबलेटवर बहुधा आत्ताचा एकच ठिपका दिसतो. तो ठिपका चौकटीत आहे म्हणून पुढच्या तासाभरातही तिथेच राहील, असं नसतं.

आता प्रवासी. पुढच्या भागातून मागच्या भागात एक माणूस नेला की ९० किलो ९ मीटर सरकतात. चार जण नेले तर टेक-ऑफचा सीजी १३.१ आणि इंधनाविना ११.६. कागदावर एवढं पुरे. मी आठ सुचवले. पुढे १६, मध्ये १६, मागे ८. मग टेक-ऑफला १६.५ टक्के, उतरताना १५.९, इंधनाविना १५.५. तिन्ही आकडे मर्यादांपासून ऐसपैस लांब, एकमेकांच्या जवळ, आणि ६.५ चा सवयीचा ट्रिम या वेळी योगायोगाने बरोबर.

चार पुरत असताना आठ का? कारण स्टेशन हा बिंदू आहे आणि प्रवासी बिंदूवर बसत नाहीत. पुढच्या भागात सहा रांगा आहेत, त्यांचं सगळं वजन १० मीटरवर धरलंय. तिथले १६ जण पहिल्या चारच रांगांत बसले तर त्यांचं केंद्र एका रांगेने, सुमारे पाऊण मीटर, पुढे जातं आणि सीजी १.२ टक्क्यांनी. त्यात प्रत्येकाचं ९० किलो हे सरासरी वजन. सरासरीवर विसंबण्याची किंमत ८ जानेवारी २००३ ला शार्लटमध्ये दिसली. एअर मिडवेस्टचं बीचक्राफ्ट १९००डी उडताच नाक वर करत कोसळलं, २१ जण गेले. एलेव्हेटरची केबल चुकीची बसवल्याने नाक खाली आणायला पुरेसा वाव नव्हता आणि त्याच वेळी सीजी मागच्या मर्यादेबाहेर होता. प्रवाशांची ठरवून दिलेली सरासरी वजनं प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याने कागदावर ते कळलंच नाही. त्यानंतर अमेरिकेत सरासरी वजनं वाढवण्यात आली. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमहून निघालेल्या एका बोइंग ७३७ ची लोडशीट १,२४४ किलोंनी कमी निघाली, कारण सॉफ्टवेअरने ‘मिस’ अशी नोंद असलेल्या प्रौढ स्त्रियांना मुलं धरलं, ६९ किलोंऐवजी ३५. त्या उड्डाणाला काही झालं नाही. पण आकडा टाकणाऱ्याने टाकला, यंत्राने निमूटपणे गिळला, हे दृश्य सिमच्या टॅबलेटपेक्षा फार वेगळं नाही.

आठ जण हलवून तिसरं उड्डाण झालं. १३० ला स्टिक मागे घेतली, नाक उठलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. एक गोष्ट मात्र त्याला पहिल्यांदा खटकली आणि ती खटकायलाच हवी होती: टॅबलेटवर आकडे बदलल्यावर ‘लागू करा’ दाबलं नाही तर पान नवी मांडणी दाखवतं आणि विमान जुनीच घेऊन उडतं. बदल केल्यावर सिमच्या स्वतःच्या वजनाच्या पानावर जाऊन सीजीचा आकडा पुन्हा वाचणं एवढाच त्यावर उपाय.

विमान भरलेलं असेल तर

४० प्रवाशांत हलवाहलव करायला जागा होती. ७० प्रवासी असले की केबिनमध्ये हातात काहीच उरत नाही, सगळा खेळ हॉल्डचा होतो. या मॉडेलचा मागचा हॉल्ड १,६०० किलो घेतो. समजा सामान १,९०० किलो आहे. आधी मागचा हॉल्ड काठोकाठ भरला आणि उरलेले ३०० पुढे टाकले, तर इंधनाविना सीजी १०.६ टक्के. निसटता, पण आत. तेच सामान पुढे ६०० आणि मागे १,३०० असं विभागलं, जे बघायला जास्त ‘समतोल’ वाटतं, तर सीजी ६.५ टक्क्यांवर, म्हणजे बाहेर. दोन्ही वेळा वजन २८,२०० किलोच. बऱ्याच लोडरमध्ये सामानाची पट्टी सरकवली की ते दोन्ही हॉल्डमध्ये टक्केवारीने वाटलं जातं. शेपटीला इंजिनं असलेल्या जेटसाठी ती सोय बंद ठेवावी आणि मागचा हॉल्ड भरेपर्यंत पुढच्याच्या आकड्याला हात लावू नये. रिकामं विमान नुसतं एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायचं असेल तर नियम उलटा होतो: ३,५०० किलो इंधनासह सीजी ३१ टक्क्यांवर असतो, मागच्या मर्यादेपासून जेमतेम दोन टक्के आत, आणि तेव्हा थोडं वजन टाकायचंच झालं तर ते पुढच्या हॉल्डमध्ये.